दारू सोडल्यानंतरची पहिली लग्नसराई: कसं निभावलंत?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

होळीनंतर व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो. केंद्रात दिवस आखलेला असायचा. पहाटे व्यायाम, मग ध्यान, गटचर्चा, जेवण, झोप, सगळं घड्याळावर. आजूबाजूला सगळे एकाच वाटेवरचे. बाहेरचं जग मात्र होतं तिथेच आहे. मी कराडजवळ एमआयडीसीत नोकरीला आहे. कंपनीच्या गेटपासून एसटी थांब्यापर्यंत दोन परमिट रूम आणि एक देशीचं दुकान लागतं. जुने सोबती भेटतात, ‘काय पाव्हणं, इसरलात व्हय आमाला?’ म्हणतात. त्यांच्या मनात वाईट नाही, हे मला कळतं.

पुढच्या आठवड्यात चुलत्यांच्या घरी लग्न आहे. आमच्याकडे हळदीच्या रात्री मंडपामागे पोरं बसतात आणि आजवर त्या बैठकीचा पुढारी मीच असायचो. घरचं कार्य आहे, टाळता येणार नाही. तिथे काय बोलायचं, कुठे उभं राहायचं, काही सुचत नाहीये. दुसरं म्हणजे संध्याकाळी सात ते नऊ. हे दोन तास खायला उठतात. आणि घरी आलो की बायको जवळ येऊन वास घेते. बोलत काही नाही. मी चिडत नाही, पण लागतं.

ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा. प्रवचन नको, रोजच्या जगण्यातलं सांगा.

भरतकाका

घाटमाथा, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी वसईचा, एएमध्ये (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्या माणसांचा एकमेकांना आधार देणारा गट) बरीच वर्षं आहे.

हळदीच्या रात्री जाऊ नका असंच मी सांगेन. अक्षतांना जा, जेवा, आहेर करा, निघा. पहिल्या वर्षी एवढंच पुरे. जावंच लागलं तर स्वतःची गाडी न्या, म्हणजे निघणं दुसऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. घरातल्या एका माणसाला आधी सांगून ठेवा की मी डोळ्याने खूण केली की मला तिथून काहीतरी कामाला पाठव.

बोलायचं काय? ‘मी घेत नाही.’ बस्स. कारण देऊ नका. ॲसिडिटी म्हणालात की समोरचा म्हणतो बिअरने काही होत नाही. गोळ्या चालू आहेत म्हणालात की तो विचारतो कधी संपणार. कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि पिणाऱ्याशी वादात आपण जिंकत नाही. ‘आज नको’ तर मुळीच म्हणू नका, तो उद्या बरोबर येतो. हातात कोकम सरबताचा नाहीतर ताकाचा पेला धरा. रिकामा हात दिसला की आग्रह होतो.

आणि खिशात एक नंबर ठेवा, पिणं सोडलेल्या माणसाचा. एएची सुरुवातच त्यातून झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात अडकला होता. सौदा फिसकटलेला, खिसा रिकामा, हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार. त्याला दारू सोडून काही महिनेच झाले होते. बारकडे न जाता तो टेलिफोनकडे गेला आणि गावातल्या चर्चना फोन लावत सुटला, मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय म्हणून. त्यातून त्याला डॉ. बॉब भेटले, तेही पिणारेच. मदत मागायला नाही, दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललो तर आपण आज वाचू एवढ्याच हिशेबाने त्याने फोन केला होता. भारतात एए आलं १९५७ मध्ये. आज मराठी मीटिंग गावोगावी चालतात. फी नाही, नाव-आडनाव नाही, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. कराड-सातारा भागातली वेळ आणि जागा हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शोधून देतो.

शलाका_एस

मी बायकोच्या बाजूने लिहिते, चालेल ना?

दादा, ती वास घेते तो तुमचा अपमान करायला नाही. आमच्या घरी मला स्कूटर स्टँडवर लावल्याच्या आवाजावरून कळायचं आजची रात्र कशी जाणार. एका फटक्यात लागला तर ठीक. दोनदा घसरला की मी मुलांना आतल्या खोलीत पाठवायचे. असे कान वर्षानुवर्षं तयार होतात, नवरा केंद्रातून आला म्हणून त्या आठवड्यात बंद होत नाहीत. यांनी दारू सोडल्यानंतरही मी कितीतरी महिने जिन्यातली पावलं ऐकत बसायचे.

आमच्याकडे उपयोग झाला तो असा. उशीर होणार असेल तर हे निघायच्या आधीच फोन करायचे, मी विचारायची वाट बघायची नाही. येताना बडीशेप, पान, पुदिन्याची गोळी पूर्ण बंद, कारण त्या वासानेच माझ्या पोटात गोळा यायचा. पगाराच्या दिवशी थेट घरी. आणि यांनी एक वाक्य शोधून ठेवलं होतं, ‘बघ, काही नाही, ये’. स्वतःहून जवळ यायचे. मी वास घ्यायच्या आधी ते आले की मला घ्यावासाच वाटायचा नाही. कधी थांबलं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

तुमच्या बायकोला अल-अनॉनबद्दल सांगा. पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट असतो, बिलच्याच बायकोने, लोइसने १९५१ मध्ये सुरू केला. नवऱ्याने सोडली की सगळे त्याचं कौतुक करतात, ते व्हायलाच हवं. पण तिने जे सोसलं ते ऐकायला कोणी नसतं. तिथे ते ऐकलं जातं.

उरणकर

शलाकाताई, डोळ्यात पाणी आणलंत.

घाटमाथा, आमच्या आगरी समाजात हळद लग्नापेक्षा मोठी. मटण, दारू, बेंजो, पहाटेपर्यंत नाच. भरतकाका सांगतात तसं न जाणं आमच्याकडे जमण्यासारखं नाही, सख्ख्या भाच्याची हळद कशी चुकवणार? मी दुसरी वाट काढली. काम मागून घेतलं.

मामाने मला आहेराच्या टेबलावर बसवलं. पुढ्यात लांब वही, स्टीलचा डबा, दोन पेनं. पाकीट घ्यायचं, फोडायचं, रक्कम मोजायची, नाव, गाव, आकडा लिहायचा, नोट डब्यात, रिकामं पाकीट पिशवीत. पाचशे एक, एक हजार एक, कुणाची साडी, कुणाची भांडी. लोक रांगेत उभे, मान वर करायला फुरसत नाही. पलीकडे ग्लास वाजत होते, ऐकू येत होते, पण वहीवर बसलेल्याला कोणी ओतत नाही. चुकला तर सगळ्या घराचा घोटाळा होईल हे प्रत्येकाला माहीत असतं. रात्री वहीची बेरीज आणि डब्यातली रक्कम जुळली. मामाने सगळ्यांसमोर डब्याची किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाला सकाळपर्यंत तुझ्याकडेच राहू दे. पूर्वी याच मामाने मला दुकानाच्या गल्ल्यापाशी उभं राहू दिलं नव्हतं.

पंगतीत वाढणं, पाण्याचा टँकर बघणं, म्हाताऱ्यांना गाडीने ने-आण करणं, कुठलंही चालेल. फक्त काम असं हवं जे पिऊन करता येत नाही.

सुमेध_पी

उरणकर, प्रसंग सुंदर आहे, पण नुकतीच सोडलेल्या माणसाच्या हातात रोख पैशाचा डबा देणं धोक्याचं नाही का?

उरणकर

बरोबर शंका आहे. एकट्याने बसू नये. माझ्या शेजारी मावशी होती, ती मोजायची, मी लिहायचो.

इंद्रायणीकाठ

राम कृष्ण हरी. एक उपाय कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. माळ घाला. सातारा-सांगली पट्ट्यात माळकऱ्याच्या पुढे कोणी ग्लास करत नाही, उलट कोणी केला तर चार माणसं त्यालाच बोलतात. मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, हरिपाठ, जमेल तेव्हा वारी. माझ्या वडिलांची दारू अशीच सुटली. संध्याकाळी सात ते नऊचं म्हणाल तर आमच्या गावात त्या वेळेला मंदिरात हरिपाठ असतो. टाळ हातात घेऊन उभं राहिलं की तासभर कसा जातो कळत नाही.

डॉ_मृण्मयी

मी मानसोपचार विभागात काम करते. इंद्रायणीकाठ यांच्याशी सहमत आहे, त्यात थोडी भर घालते. संध्याकाळचा रिकामा वेळ भरतो, नवी माणसं मिळतात, समाज आग्रह करायचा थांबतो. या तिन्ही गोष्टी औषधाइतक्याच कामाच्या आहेत. काळजी एवढीच की माळ घातलेला माणूस घसरला तर त्याची लाज दुप्पट होते. तो माळ काढून ठेवतो, मंदिरात जायचं बंद करतो, सांगत कोणालाच नाही आणि महिनोन्‌महिने लपून पितो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून माळ घालताना आपल्या महाराजांना किंवा गटातल्या एका वडीलधाऱ्याला आजाराची पूर्ण कल्पना द्या, आणि उपचार, पाठपुरावा चालू ठेवा. दारूची परावलंबिता हा आजार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तो मानसिक आजाराच्या व्याख्येत आहे.

सात ते नऊबद्दल. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ जागा बदला, कोणाशी तरी बोला. त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. सहाच्या सुमाराला पोटभर खा. थालीपीठ, उपमा, भाकरी, काहीही. कंपनीतून उपाशी सुटणं, त्यात साहेबाशी वाजलेलं, थकवा आणि सोबतीला कोणी नाही, या चार गोष्टी एकत्र आल्या की पाय आपोआप जुन्या रस्त्याला वळतात. गोड खावंसं वाटेल, खा. गुळाची चिक्की जवळ ठेवा. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा. झोप काही आठवडे, कधी काही महिने विस्कटलेली राहते. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

निखिल_लंडन

इकडे शुक्रवारी ऑफिस सुटलं की सगळे पबमध्ये. मी सोडा आणि लिंबू घेऊन पहिल्या अर्ध्या तासातच निघतो. दुसऱ्या राउंडनंतर गप्पांत माझी गरज कोणाला उरत नाही आणि मलाही त्यांची. झिरो पर्सेंट बिअरबद्दल काय मत आहे? आणि माझी देवावर श्रद्धा नाही, अशाने एएमध्ये अडचण येते का?

भरतकाका

निखिल, नास्तिक बरेच आहेत. ‘आपल्याला उमगेल तसा परमेश्वर’ असं एएच्या बारा पायऱ्यांमध्येच म्हटलंय. कित्येकांसाठी तो खोलीतला गट असतो. झिरो बिअर माझ्या मते नको. वास तोच, फेस तोच, बाटली तीच, मग मेंदूला फरक कसा कळणार? काहींना वर्षानुवर्षं चालते, पण नव्या माणसाने हा प्रयोग करू नये.

अबोली

इथे सगळे हळद आणि बैठकीबद्दल लिहितायत. माझं वेगळं आहे. मी बाई आहे, घरात एकटीने प्यायचे, दुपारी. मला लग्नात कोणी आग्रह करत नाही, कारण कोणाला माहीतच नाही. पुण्यात उपचार घेतले. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, तिथे पहिल्यांदा माझ्यासारख्या दुसऱ्या बायका भेटल्या. सासरी ‘माहेरपणाला गेली होती’ असं सांगितलंय, त्यामुळे बरी झाल्याचा आनंदही लपवूनच करावा लागतो.

एक विचारायचं होतं. अशक्तपणा आहे म्हणून सासूबाईंनी दशमूलारिष्ट आणून ठेवलंय, रोज दोन चमचे घे म्हणतात. पहिल्या दिवशी घेतलं आणि जिभेला ओळखीचं काहीतरी लागलं. घेऊ का?

डॉ_मृण्मयी

अबोली, घेऊ नका, आणि जिभेवर विश्वास ठेवलात ते उत्तम केलंत. आसव आणि अरिष्ट आंबवून बनवतात, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं, साधारण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास. बाटलीवर प्रमाण छापलेलं असतं. द्राक्षासव, अशोकारिष्ट, सगळी याच जातीची. डोस लहान असला तरी परावलंबिता असलेल्याने टाळावं. वैद्यांना सांगा, ते चूर्ण किंवा काढा देऊ शकतात. खोकल्याची काही सिरप आणि होमिओपॅथीचे अर्क-थेंब यांतही अल्कोहोल असतं. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर ‘मला अल्कोहोल चालत नाही’ हे आधी सांगा. कारण सांगायची गरज नाही.

आणि तुमचा आनंद इथे लपवू नका.

वैनगंगा

अबोलीताई, +१. मी चंद्रपूरची. आमच्या जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ ला उठली. माझ्या भावाची दारू त्या काळात सुटली होती. दुकानं परत उघडली तेव्हा त्याच्या कामाच्या रस्त्यावरच बार आला. त्यानं रस्ता बदलला, दीड किलोमीटर जास्त सायकल मारते, पण त्या चौकातून जात नाही. घाटमाथा दादा, तुमच्या गेटपासून थांब्यापर्यंत दुसरा रस्ता आहे का ते आधी पहा.

सुमेध_पी

दारूबंदी फसलेला प्रयोग आहे. चोरटी दारू वाढते, बाकी काही नाही.

वैनगंगा

चोरटी वाढली हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण माझ्या आईनं त्या वर्षांत घरात भांडण न होता दिवाळी पाहिली. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती तिथल्या लोकांनी, बायकांनी मागून घेतलेली. ज्यांनी मागितली त्यांनाच विचारा फसली का ते.

संपादक मंडळ

दारूबंदीच्या धोरणावर स्वतंत्र धागा काढावा. इथे विषय धरून लिहावे ही विनंती.

कोल्हापुरी_७२

मला एक कळत नाही. मी दरवर्षी श्रावण कडक पाळतो, महिनाभर थेंब नाही. गटारीला बसतो आणि मग थेट गणपती झाल्यावर. मग मला व्यसन नाही असंच ना?

भरतकाका

महिनाभर न पिणं अनेकांना जमतं, मलाही जमायचं. तुम्हीच तुम्हाला विचारा: श्रावणात दिवस मोजता का? गटारीला पुढच्या महिन्याचंही आधीच पिऊन घेता का? आणि सुरू केल्यावर ठरवल्याप्रमाणे दोनवर थांबता येतं का? आमच्या आजारात प्रश्न पहिल्या पेगच्या आधीच्या महिन्याचा नसतो, पहिल्या पेगच्या नंतरच्या रात्रीचा असतो. उत्तर इथे लिहायची सक्ती नाही.

सुजाता_नगर

डॉक्टर, एक तातडीचं विचारते. माझे मिस्टर रोज पितात, उपचाराला तयार नाहीत. दिरांनी कुठूनतरी दारू सोडवायच्या गोळ्या आणल्यात, म्हणतात भाजीत मिसळून दे, कळणार पण नाही. एसटी स्टँडवर पण तशी जाहिरात असते, न सांगता दारू सोडवा. देऊ का?

डॉ_मृण्मयी

सुजाताताई, अजिबात देऊ नका. दिल्या असतील तर ताबडतोब कळवा.

या बहुधा डायसल्फिरमच्या गोळ्या असतात. दारू शरीरात मोडताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ मध्ये तयार होतो. ही गोळी त्याचा पुढचा निचरा रोखते. माणूस प्यायला की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असेल तर जिवावर बेततं. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. गोळी चांगली आहे, पण रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देण्यासाठी. ज्याला माहीतच नाही तो पिणारच, आणि मग काय झालं ते कोणालाच कळणार नाही. जाहिरातीतल्या पुड्यांमध्ये काय असतं ते तर देवच जाणे.

ते तयार नसले तरी तुम्ही एकट्या जाऊन सल्ला घेऊ शकता. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे आणि १४४१६ ही टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

सुजाता_नगर

दिल्या नव्हत्या. दिरांना परत केल्या. खूप धन्यवाद.

नवा_आयडी

सगळा धागा रात्री बसून वाचला. माझं वय ३४. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, एक क्वार्टर घेतल्याशिवाय दात घासता येत नाहीत. उरणकर यांचं वाचून ठरवलं, उद्यापासून एकदम बंद. खोलीत कोंडून घेतो दोन-तीन दिवस.

डॉ_मृण्मयी

निर्णय मनापासून आवडला, पण एकट्याने कोंडून घेऊ नका. सकाळी थरथर होते म्हणजे शरीराला दारूची सवय लागली आहे. अचानक थांबवल्यास पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, त्यात मृत्यूही होतो. दवाखान्यात हे औषधांनी सुरक्षितपणे पार पाडता येतं. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही द्यावी लागतात. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. २०१९ च्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत दारूची परावलंबिता असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. तुम्ही तो एक व्हा. तोवर घरात कोणाला तरी सांगा.

उरणकर

भाऊ, तू कुठे राहतोस? व्यनि कर. रायगड-नवी मुंबईत असशील तर मी सोबत येतो.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. लग्न पार पडलं.

हळदीला गेलो. आहेराची वही थोरल्या भावाकडे होती, म्हणून मी स्वयंपाकाच्या बाजूला थांबलो. आचाऱ्याला सामान काढून देणं, पंगती बसवणं, वाढप्यांवर लक्ष. रात्री दहानंतर दोघे जण बोलवायला आले. ‘मी घेत नाही’ म्हणालो. एक जण हसला, दुसरा जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘बरं केलंस.’ त्यानंतर कोणी आलं नाही. भरतकाकांना दोनदा फोन केला, दोन्ही वेळा उचलला.

गेटपासून मागच्या बाजूने कॅनॉलचा रस्ता आहे, आता तिकडून येतो. जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. बायकोला शलाकाताईंचं लिहिलेलं वाचायला दिलं. ती वाचून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली त्या मीटिंगचा पत्ता विचार. काका, तेवढा पाठवा.

भरतकाका

पाठवला. आता पुढची परीक्षा गटारी. आषाढ अमावास्येच्या संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ आपण ऑनलाइन बसू, कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नाही. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि करा. कोल्हापुरी_७२, तुम्हीही या.

अबोली

मी येईन. बोलेन की नाही माहीत नाही.

कोल्हापुरी_७२

येतो. वेळ नोंदवून ठेवली.

नवा_आयडी

उरणकर दादांशी बोललो. उद्या सकाळी जिल्हा रुग्णालयात जातोय, ते आणि माझा मोठा भाऊ सोबत आहेत. भावाला आजच सांगितलं. डॉक्टर, तिथे काय काय सांगायचं?

डॉ_मृण्मयी

रोज किती आणि कोणती घेता, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या किंवा नशा चालू आहे का, कावीळ झाली होती का. सगळं खरं सांगा, कमी करून सांगू नका, औषधाचा डोस त्यावर ठरतो. आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट असतील तर न्या. आज रात्री भावाला जवळच झोपू द्या. आणि निघायच्या आधी सकाळी काहीतरी खाऊन निघा.